पणजोबा कोणत्या पलटणीत होते?

रायगडच्या किनारपट्टीवर महाडपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही बौद्धवाडीत जा. "आमचे आजे पलटणीत होते" हे वाक्य एखाद्या तरी घरी ऐकायला मिळतेच. पण कोणती पलटण, कुठली लढाई, पेन्शन कधी मिळाली, असे विचारले की घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आम्ही काही कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी वाड्यांवर फिरून ही माहिती गोळा करतो, तेव्हाचा हा नेहमीचा अनुभव.

पूर्वाश्रमीच्या महार समाजाला कंपनी सरकारच्या मुंबई फौजेने जवळ केले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या जयस्तंभावर 'नाक' या अक्षरांनी संपणारी नावे आहेत, ती आपल्याच पूर्वजांची. इंग्रजांची चाकरी केली म्हणून कोणी हिणवले, तर त्याला एवढेच विचारावे की गावात आमच्या आज्याला कोणती चाकरी शिल्लक होती? पलटणीत पगार मिळाला आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षरओळख मिळाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर सवाल केले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पुढे सरकारने आपल्या लोकांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला स्थापन झाली.

आता शोध घ्यायचा कसा? सुरुवात आजीपासून करा. शिपाई गेल्यावर पेन्शन विधवेच्या नावे होई, म्हणून कागद बहुधा बाईच्याच पेटीत सापडतो. एका वाडीत म्हाताऱ्या आईने लुगड्याच्या घडीतून राजाचा मुखवटा असलेले पदक काढून दिले. नातवंडे त्याला जुना रुपया समजत होती! अशा पदकाची कड उन्हात धरून पाहा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचे पदक चांदीचे असेल तर माणूस शिपाई, कांस्याचे असेल तर बहुधा मजूर तुकडीतला. मजूर म्हणून कमीपणा मानू नका, तोफांच्या आवाजात ओझी वाहणाराही तितकाच मरत होता.

सरकारी दप्तरात पाहताना 'रायगड' शोधू नका. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आजचे आडनावही तिथे सापडेलच असे नाही, म्हणून शिपायाचे नाव, बापाचे नाव आणि गाव असे धरून चला. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ युद्ध-कबर आयोगाकडे आहेत आणि त्या मोबाइलवर फुकट पाहता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचे नाव आणि गाव दिलेले असते. इराकमधल्या बसरा येथील स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या. अशा भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना!

आणखी एक फौज शोधायची राहिली आहे. पोटासाठी कोकण सोडून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेले आपले आजे डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांबरोबर 'पद्मावती' बोटीत बसले. महाडच्या सत्याग्रहाला जाणाऱ्यांना मोटारी मिळू नयेत अशी विरोधकांची खटपट होती, म्हणून हा समुद्रमार्ग. हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीने ते दासगावला उतरले आणि रांगेने महाडकडे चालत गेले. त्याच २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जळाली. त्या रांगेत पेन्शनर शिपायाचा मुलगा किंवा नातू नव्हता असे कोण म्हणेल? पण या फौजेला पदक नव्हते, नंबर नव्हता, पेन्शन तर नव्हतीच. 'बहिष्कृत भारत'च्या अंकांत काही नावे सापडतात. ते अंक शासनाने ग्रंथरूपाने छापले आहेत, वाचनालयात मागून घ्या. बाकीची नावे म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत.

वेळ मात्र थोडा आहे. २००५ च्या दरडींनी दासगावची घरे गाडली, जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्याखाली गेले. किती घरांतल्या पेट्या, त्यांतले कागद आणि फोटो चिखलात गेले याचा हिशेब कोणी मांडला नाही. उरलेल्या कागदांचे फोटो आजच काढून ठेवा. मे महिन्यात मुंबईहून गावी याल तेव्हा मुलांच्या हाती वही द्या आणि आजीला आधी एकच विचारायला सांगा : आजोबांच्या बापाचे नाव काय होते?