वसुबारस आणि वाघबारस

आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. दिवाळीची पहिली पणती या सायंकाळी लागते. सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालून, हळदकुंकू व फुले वाहून तिला उडदाच्या वड्यांचा आणि गोडाधोडाचा घास दिला जातो. अनेक घरांतील सुवासिनी या दिवशी दूधदुभते आणि गहू वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीची भाजी एवढ्यावरच राहतात. वासराच्या वाट्याचे दूध एक दिवस तरी वासरालाच मिळावे, असाच या व्रताचा भाव असावा.

याच तिथीला सह्याद्रीच्या कुशीत, अकोल्याच्या डोंगरगावांत आणि पालघर-जव्हारच्या पाड्यांवर, दुसरी एक पूजा होते. तिला वाघबारस म्हणतात. गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला एखादा दगड किंवा लाकडाचा फळा उभा असतो; त्यावर वाघ कोरलेला, कोठे सूर्य, चंद्र आणि नागही. हा वाघोबा. महादेव कोळी आणि वारली यांचा हा देव पट्टेरी वाघाचा जसा, तसाच बिबट्याचाही, कारण डोंगरातला माणूस दोघांनाही वाघच म्हणतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदविली असून तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही गावांत गुराखी घरोघर धान्य मागून खीर शिजवितात, एखाद्या मुलाला वाघाचे सोंग देतात, आमच्या शिवारात येऊ नकोस असे त्याला बजावतात आणि हुर्यो करीत पिटाळून लावतात.

गाईला पूजणारे आणि वाघाला पूजणारे एकाच दिवशी हात जोडतात, यात शहरी मनाला विसंगती वाटेल. गुराख्याला ती वाटत नाही. वाघ मरावा, असे मागणे या पूजेत नाही. त्याने आपल्या रानात राहावे आणि आम्ही आमच्या शिवारात राहू, एवढीच बोली आहे. मात्र या बोलीला शीव लागते. रान कोठे संपते आणि शिवार कोठे सुरू होते, हे दोघांनाही दिसावे लागते.

ती शीवच आता पुसली गेली आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा परिसर पाहावा. डोंगरउतारांवरची झाडी विरळ झाली, गवताळ माळ नांगराखाली आले, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी बाजरीच्या रानांत पोहोचले. पाण्यामागून ऊस आला. शेतकऱ्याच्या घरी लक्ष्मी आली, हे खरेच, आणि त्याला कोणी दोष देऊ नये. परंतु वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा, माणूस आत शिरला तर दिसेनासा व्हावा इतका दाट ऊस बिबट्याच्या दृष्टीने रानच आहे. आत गारवा, जवळ पाटाचे पाणी आणि वस्तीच्या कडेला कुत्री, शेळ्या व डुकरे.

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला वन आणि वाघ यांचा दाखला देतो. वाघावाचून वन टिकत नाही आणि वनावाचून वाघ टिकत नाही, असा त्याचा आशय. पट्टेरी वाघाच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला. बिबट्याने मात्र त्याचा उत्तरार्ध खोटा पाडला. वन गेले तरी तो गेला नाही. उसात राहू लागला. अकोल्याच्या शेतीच्या खोऱ्यात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता, आणि त्यांत सर्वाधिक, ३९ टक्के, कुत्र्यांचा. म्हणजे त्याला रानातून वाट चुकून आलेला पाहुणा म्हणता येत नाही.

मग त्याला पकडून दूरच्या जंगलात का सोडू नये? हा उपाय जुन्नरमध्ये करून झाला आहे. २००१ पासून पिंजरे लावून बिबटे मोठ्या संख्येने हलविण्यात आले. त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. ते १७ वर गेले. अनोळखी मुलुखात एकाएकी आणून टाकलेले जनावर बिथरते, आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरे येते. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात यंत्रपट्टा असलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

हे सारे शास्त्र ज्याचे मूल गेले त्याला सांगणे कठीण आहे. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरे होती. संतापलेल्या गावकऱ्यांनी महामार्ग अडविला. त्यांच्या संतापापुढे भूतदयेचे प्रवचन करण्याचा अधिकार गावापासून दूर, दाराला कडी लावून झोपणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. गोठ्याला भक्कम दार, वस्तीवर रात्रभर दिवा, खरकट्याची तत्काळ विल्हेवाट, सायंकाळनंतर लहान मुलाला एकटे न सोडणे, या गोष्टी साध्या दिसतात. पण दिवाळीनंतर उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत उतरणाऱ्या तोडणी मजुराजवळ ना दार असते ना दिवा. त्याची बायको फडात असते आणि मूल बांधावर.

गाळपाचा हंगामही याच सुमारास सुरू होतो. कोयत्यापुढे एकेक सरी मोकळी होत जाते आणि कधी पाचटात दोन-तीन पिले सापडतात, मांजरीएवढी, काही वेळा डोळेही न उघडलेली. उसात जन्मलेल्या या पिलांनी जंगल पाहिलेलेच नसते. पूर्वी अशी पिले उचलून नेली जात, आणि आई त्यांच्या शोधात वस्तीभोवती फिरत राही. आता वनखात्याची माणसे व प्राण्यांचे वैद्य पिले तपासून, ती सापडली त्याच जागी, सायंकाळी एका खोक्यात ठेवतात. काम थांबते, माणसे दूर जातात. अंधार पडल्यावर मादी येते, बराच वेळ कानोसा घेते आणि एकेक पिलू तोंडात धरून शेजारच्या उभ्या उसात नेते. सकाळी खोके रिकामे असले, की तोडणी पुढे सुरू होते.