सेकंडरी अँटीबॉडी चिकटते कशाला?

फ्लुओरोसंट सेकंडरी अँटीबॉडी पेशीतले हवे ते प्रथिन शोधून काढते, हा नवशिक्यांचा सर्वांत चिवट गैरसमज. प्रत्यक्षात त्या प्रथिनाशी तिला काहीच देणेघेणे नसते. ट्युब्युलिन पाहायचे असेल, तर ट्युब्युलिन ओळखणारी, उंदरापासून मिळवलेली प्रायमरी अँटीबॉडी आधी पेशींवर घालतात. न चिकटलेली धुऊन टाकली की सेकंडरीची पाळी. तिला ओळखता येते ते फक्त उंदराचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे उंदराची अँटीबॉडी, आणि चमकणारा रंग जोडलेला असतो तिलाच.

कुपीवरचे ‘गोट अँटी-माउस’ हे शब्द म्हणूनच नीट वाचावे लागतात: शेळीत तयार झालेली, उंदराच्या अँटीबॉडीविरुद्धची. प्रायमरी सशाची असेल, तर या कुपीचा उपयोग शून्य. उलट नमुनाच उंदराच्या ऊतीचा असेल, तर ऊतीत मुळात असलेली इम्युनोग्लोब्युलिनेही उजळतात आणि चित्रभर धुके पसरते.

मग रंग थेट प्रायमरीलाच का लावू नये? लावता येतो; अल्बर्ट कून्स यांनी 1941 मध्ये सुरुवात तशीच केली. पण एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात, त्यामुळे प्रकाश वाढतो. शिवाय एकच रंगीत कुपी उंदराच्या कितीतरी प्रायमरींना पुरते. 1954 मध्ये वेलर आणि कून्स यांनी कांजिण्यांच्या विषाणूवर ही अप्रत्यक्ष पद्धत वापरली.

‘जास्त घातली की जास्त चमकेल’ हेही खरे नाही. जादा अँटीबॉडी नको तिथे चिकटते. एकाच रेणूवर रंगाचे कण दाटले, तर ते एकमेकांचा प्रकाश विझवतात. फ्लुओरेसीन हा रंग तर आम्ल द्रावणातही मंदावतो.

छापील चित्रातला झगझगीत किरमिजी रंग बहुधा संगणकाने दिलेला असतो. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा अनेकदा कृष्णधवल असतो. ‘647’ गटातल्या रंगांचा प्रकाश 670 नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच.

प्रायमरी वगळून केलेली चाचणी काळी आली की प्रयोग बिनचूक, असेही मानले जाते. त्या काळ्या काचपट्टीवरून एवढेच कळते, की सेकंडरी आपणहून चिकटत नाही. प्रायमरीने भलतेच प्रथिन धरले असेल, तर सेकंडरी तेही इमानेइतबारे उजळवते. ते पकडायला लक्ष्य प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशी लागतात.