मोजणीची हद्द

जालना-भोकरदन रस्त्यावर राजूर हे गाव आहे. अंगारकी चतुर्थीच्या दिवशी तेथील राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनाला फार मोठी गर्दी होते. समजा, अशा दिवशी एका माणसाने तेथे मोटारसायकलींचे स्टँड सुरू केले. मैदान हजार गाड्या मावतील एवढे आहे. पण त्याच्या पावतीवर क्रमांकासाठी दोनच चौकटी आहेत. त्यांत ०० पासून ९९ पर्यंतचेच क्रमांक लिहिता येतात, म्हणजे एकूण शंभर. मग एकशे एकाव्या गाडीचे काय? तिला पुन्हा ०० क्रमांक दिला, तर संध्याकाळी एकाच क्रमांकाचे दोन मालक समोर उभे राहतील! जागा भरपूर आहे, पण क्रमांक संपले आहेत.

जुन्या संगणकाला मोठी डिस्क जोडली की नेमकी हीच अडचण येते.

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातून देशातील काही निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे छोटे संगणक मिळाले. इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीने हा संगणक १९८१ मध्ये बाजारात आणला होता. त्याची स्मृती फक्त ३२ किलोबाइट होती. एक बाइट म्हणजे साधारणपणे एक इंग्रजी अक्षर. मुलांनी केलेले काम सव्वापाच इंची फ्लॉपीवर साठवत. साध्या पद्धतीत फ्लॉपीच्या एका बाजूवर जास्तीत जास्त ३१ फाइलींची नावे मावत.

या संगणकाला हार्ड डिस्कही जोडता येई. त्यासाठी ‘एडीएफएस’ नावाची व्यवस्था वापरत. ही व्यवस्था डिस्कचे लहान लहान खण पाडते. प्रत्येक खणात २५६ बाइट मावतात आणि प्रत्येक खणाला एक क्रमांक असतो. संगणक ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो. येथे खणाच्या क्रमांकासाठी असे २१ अंक राखून ठेवलेले आहेत. आता हिशेब करा. दोनला दोनने गुणत जा. असे २१ वेळा २ घेतले की २०,९७,१५२ ही संख्या येते. तिला २५६ ने गुणले की ५१२ मेगाबाइट होतात. हीच त्या संगणकाची हद्द! त्या काळी ही जागा अफाट वाटे. आज एक टेराबाइटची डिस्क सहज मिळते. ती या हद्दीच्या अठराशे पटींहून मोठी आहे.

हद्दीपलीकडे काय होते? पुष्कळदा पुढची जागा संगणकाला दिसतच नाही. हे नुकसान लहान आहे. पण काही वेळा मोजणी पुन्हा शून्यावर येते. ‘अमिगा’ या घरगुती संगणकाच्या जुन्या व्यवस्थेत चार गिगाबाइटच्या पुढे लिहिलेली माहिती डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडे आणि तेथील आधीची माहिती पुसली जाई. अशा वेळी संगणक तक्रार करीत नाही. म्हणून हा धोका मोठा आहे.

यावर इलाज कोणते?

पहिला इलाज म्हणजे वाटणी. स्टँडवाल्याने मैदानाचे लाल, पिवळा व हिरवा असे भाग केले, तर प्रत्येक भागात ०० ते ९९ हे क्रमांक पुन्हा वापरता येतील. १९८७ च्या ‘डॉस ३.३’ मध्ये असेच करीत. तेथे एका भागाची हद्द ३२ मेगाबाइट होती. म्हणून मोठ्या डिस्कचे अनेक भाग पाडत.

दुसरा इलाज म्हणजे क्रमांकाचे अंक वाढवणे. त्यासाठी संगणकातील जुनी आज्ञावली बदलून नवी घालावी लागते.

तिसरा इलाज म्हणजे मध्यस्थ. बीबीसी मायक्रोला आता मोबाइलमध्ये वापरतात तसले मेमरी कार्ड जोडता येते. त्या कार्डावरील एकाच फाइलमध्ये ५११ फ्लॉपींच्या प्रती ठेवता येतात. त्यांपैकी आपण निवडू ती प्रत मध्यस्थ आज्ञावली पुढे करते. संगणकाला वाटते, कोणीतरी फ्लॉपीच बदलली!

तुम्ही विचाराल, इतका खटाटोप कशासाठी? फ्लॉपीवरचा चुंबकीय थर काळाबरोबर खराब होतो. बुरशी, धूळ आणि दमट हवा तिचे आयुष्य कमी करतात. कोणाची पहिली आज्ञावली, कोणाचे चित्र, कोणाचा धडा अशा फ्लॉपीवर पडून असेल. एकदा तो थर गेला, की कितीही मोठी डिस्क आणली तरी ते काम परत मिळणार नाही.

म्हणून तुमच्या शाळेत किंवा घरी जुनी फ्लॉपी सापडली, तर घाई करू नका. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती अपारदर्शक चिकटपट्टीने झाका, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जाणार नाही. मग जाणकाराकडून तिची प्रत करून घ्या. नवी डिस्क जोडण्याआधी आपल्या संगणकाची हद्द विचारून घ्या. त्या हद्दीच्या आत एक फाइल लिहा, ती पुन्हा वाचून पाहा आणि मगच पुढचे काम करा.