सेटरनं किती शहाणपणा करावा?

हमद पोर्टचं कामकाज डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं. पुढच्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, दुबईच्या जेबेल अलीतून येणारा माल अडला आणि न्हावा शेवाहून थेट हमदला कंटेनर जाऊ लागले. त्या कंटेनरवरचा क्रमांक म्हणजे चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक पडताळणी अंक. तो संगणकात भरताना कुणी स्मॉल अक्षरं टाकतं, कुणी मध्ये जागा सोडतं, कुणी आडवी रेघ ओढतं. ऑब्जेक्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवण्याआधी त्यावर किती संस्कार करावेत, यावर प्रोग्रामिंग भाषांनी तीन दशकं घोळ घातला आहे.

१९९५ च्या डेल्फीत प्रॉपर्टी होती, म्हणजे वापरायला अ‍ॅट्रिब्यूटसारखी, पण वाचताना किंवा ठेवताना आतून कोड चालवणारी सोय. बर्ट्रांड मेयर यांनी तर १९८८ मध्येच मांडलं होतं, की व्हॅल्यू साठवलेली आहे की मोजून काढलेली, हे वापरणाऱ्याला कळायची गरज नाही. जावाबीन्सनं मात्र नव्वदच्या दशकात गेटर-सेटरचा, म्हणजे व्हॅल्यू वाचायच्या आणि ठेवायच्या वेगळ्या मेथडचा, शिरस्ता पाडला आणि पुढे काही लागलंच तर असावं म्हणून लोक हजारो रिकामे सेटर लिहीत बसले. पायथन २.२ नं २००१ मध्ये यातून सुटका केली: आधी साधा अ‍ॅट्रिब्यूट ठेवा, गरज पडली की त्याची प्रॉपर्टी करा, बाकीचा कोड जसाच्या तसा चालतो. रेल्स ७.१ नं २०२३ मध्ये व्हॅल्यू साफ करण्याची खास सोय दिली, पीएचपी ८.४ नं २०२४ मध्ये प्रॉपर्टी हुक. ही सोय आता जवळपास सगळीकडे आहे. माझ्या मते सेटरनं व्हॅल्यूचं लेखन सुधारावं, अर्थाला हात लावू नये.

'सीएसक्यूयू ३०५४३८३' हा नमुन्याचा क्रमांक घ्या. अक्षरांना ठरलेली मूल्यं, प्रत्येक स्थानाला दुपटीनं वाढणारं वजन, बेरीज ६१८५. अकरानं भागल्यावर बाकी ३, म्हणून शेवटचा अंक ३. टंकणाऱ्यानं ५ आणि ४ ची अदलाबदल केली तर बाकी १ येते. जागा आणि रेघ काढणं निरुपद्रवी आहे, दोनदा केलं तरी निकाल तोच राहतो. पण सेटरनं चुकलेल्या क्रमांकाचा शेवटचा अंक परस्पर १ करून तो 'बरोबर' केला, तर अस्तित्वात असलेल्या भलत्याच कंटेनरचा क्रमांक तयार होऊ शकतो. तिथे त्रुटी दाखवून थांबणं हाच उपाय.

आक्षेप असा, की ठेवलं एक आणि वाचलं दुसरं, हा कोड वाचणाऱ्याला चकवा नाही का? अर्थ बदलत असेल तर नक्कीच. नुसती जागा गाळली, तर चकवा मानायचं कारण नाही. साफसफाई सगळी आयातीच्या टप्प्यावरच करावी, असंही म्हणतात. पण फाइल, स्क्रीन आणि दुसऱ्या बंदराचा संदेश अशा तीन वाटांनी माहिती येते, तेव्हा एखादी वाट राहतेच.

कंटेनर किती किलो भरतो त्या वजनाच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणारे बरोबर आहेत. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्याआधी भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन द्यावं लागतं, आणि ते चालेल की नाही हे कमाल मर्यादेच्या दुसऱ्या अ‍ॅट्रिब्यूटवर ठरतं. आधी कुठला आकडा भरला यावर निकाल बदलणारा सेटर लिहिण्यापेक्षा दोन्ही आकडे एकदम घेणारी एकच मेथड बरी.