सिगारेटने कॅन्सर होतो का? कंपन्यांच्या शास्त्रज्ञांमधला वाद १९५८ सालीच मिटला होता

एप्रिल १९५८. ब्रिटनच्या तंबाखू उद्योगातले तीन शास्त्रज्ञ अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यावर निघाले. तिथल्या सिगारेट कंपन्या, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या लोकांना भेटायचं आणि बाकीच्या कामांबरोबर एक गोष्ट चाचपून बघायची, असं ठरलं होतं. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे तिकडच्या जाणकारांना कितपत पटलंय?

जवळजवळ महिनाभर फिरून तिघं परतले आणि त्यांनी अहवाल लिहिला. एक अपवाद सोडला, तर भेटलेल्या सगळ्यांना ते पटलं होतं. अपवाद होते येल विद्यापीठातले डॉक्टर ग्रीन.

हा अहवाल तेव्हा कुणी छापला नाही. उलट त्या काळात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्या जाहीरपणे सांगत होत्या की, शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं?

१९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी दवाखान्यांतल्या पेशंटची माहिती गोळा केली. दोन्हीकडे एकच चित्र दिसलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं, त्यातही भरपूर ओढणाऱ्यांचं प्रमाण खूप जास्त होतं. पण ही आकडेवारी झाली, आणि आकडेवारीवर शंका घेता येते.

१९५३ च्या शेवटी विंडर आणि ग्रॅहम यांचा पुढचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सिगारेटच्या धुरातला चिकट डांबरासारखा टार उंदरांच्या पाठीवर लावला होता. ४४ टक्के उंदरांना कॅन्सर झाला. ही बातमी फुटली आणि कंपन्यांचे शेअर घसरले.

डिसेंबरमध्येच एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये एकत्र बसले. सल्ला द्यायला हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. सल्ला मोठा चलाख होता : विज्ञानाला नाकारू नका, 'अजून संशोधन हवं' म्हणा आणि त्याला पैसे द्या.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात झळकली. ग्राहकांचं आरोग्य ही आमची जबाबदारी आहे, पण सिगारेट हे कॅन्सरचं कारण असल्याचा पुरावा नाही, आम्ही संशोधन समिती नेमतोय, असा तिचा सूर होता.

या समितीच्या वैज्ञानिक कामाची धुरा क्लॅरेन्स कुक लिटल यांच्याकडे दिली गेली. हा माणूस काही भाडोत्री भोंदू नव्हता. उंदरांच्या अनुवंशशास्त्रातलं मोठं नाव, मिशिगन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, कॅन्सरविरोधी संस्थेत काम केलेले. कॅन्सर मुळात अनुवंशिक असतो, असं त्यांचं मत होतं. कंपन्यांना नेमकं तेच हवं होतं. खोटं बोलणारा माणूस पकडला जातो. मनापासून शंका घेणारा मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

आणि तो आक्षेप वरवर बिनबुडाचा वाटत नव्हता. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे विज्ञानच सांगतं. संख्याशास्त्राचे दिग्गज रोनाल्ड फिशर (स्वतः पाइप ओढायचे, आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते) म्हणत की, सिगारेटची ओढ आणि कॅन्सर या दोन्हींचं मूळ जनुकांत असू शकेल. पण वेगवेगळ्या देशांतली आकडेवारी, प्राण्यांवरचे प्रयोग आणि धुराचं रसायनशास्त्र असं सगळंच एका दिशेला बोट दाखवू लागल्यावर ही पळवाट अरुंद होत गेली.

आतले लोक काय लिहीत होते?

आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीत ॲलन रॉजमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. काम होतं, धुरात काय काय आहे ते शोधणं. कॅन्सर घडवणारी अनेक संयुगं त्यांना कंपनीच्याच सिगारेटच्या धुरात सापडली. १९६२ साली त्यांनी वरिष्ठांना कळवलं की, सिगारेटविरुद्धचा पुरावा प्रचंड आहे आणि बाजूने अगदी तुटपुंजा.

त्यांनी अजून एक अडचणीचा प्रश्न विचारला. आपण बाहेर 'सिद्ध झालेलं नाही' म्हणतो, मग धंद्याला धक्का बसेल म्हणून आपलीच माहिती दडवून ठेवणं योग्य आहे का? प्रयोगशाळेतल्या माणसाने हे कंपनीच्या कागदावर लिहायला हिंमत लागते.

१९६४ मध्ये अमेरिकन सरकारच्या सर्जन जनरलनी अहवाल काढून धूम्रपान हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण असल्याचं जाहीर केलं. तरीही वाद संपला नाही, कारण तो चालू राहण्यातच फायदा होता. १९६९ च्या, ब्राऊन अँड विल्यमसन कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात तर 'शंका हेच आपलं उत्पादन आहे' असं सरळ लिहिलेलं सापडलं.

१९७० साली रेनॉल्ड्सने प्राण्यांवर धुराचे प्रयोग करणारी आपली प्रयोगशाळा अचानक बंद केली. तिला 'माऊस हाऊस' म्हणत. एका दिवसात २६ जणांची नोकरी गेली. त्यांच्या प्रयोगांच्या वह्या त्याआधीच कंपनीच्या वकिलांनी गोळा करून नेल्या होत्या. त्याच वर्षी ब्रिटनच्या गॅलहर कंपनीत एक टिपण लिहिलं गेलं. अमेरिकेत कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगाने सिगारेटचा धूर त्यांच्या फुप्फुसात कॅन्सर करतो हे निःसंशय सिद्ध झालंय, असं त्यात म्हटलं होतं.

मग हे बाहेर कसं आलं?

खटल्यांमुळे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या राज्यांनी पेशंटच्या उपचारांचा खर्च कंपन्यांकडे मागितला आणि कपाटातली कागदपत्रं कोर्टात आली. १९९८ च्या तडजोडीत कंपन्यांनी ४६ राज्यांना मोठी भरपाई कबूल केली आणि कागदपत्रंही खुली करावी लागली. आज अशी १ कोटी ४० लाखांहून जास्त कागदपत्रं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात कुणालाही फुकट वाचता येतात. रॉजमन यांचं टिपण आणि त्या तिघांचा १९५८ चा अहवालही त्यात आहे.

२००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी अनेक दशकं लोकांची फसवणूक केल्याचा निकाल दिला आणि स्वखर्चाने जाहीर खुलासा करायला सांगितलं. खुलाशातल्या शब्दांवर कंपन्या अजून ११ वर्षं कोर्टात भांडल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये अखेर अमेरिकन वर्तमानपत्रांत पानभर मजकूर छापून आला : धूम्रपानामुळे दररोज सरासरी १२०० अमेरिकन मरतात.