पाहुणे दुपारी, तयारी आदल्या दिवशी

पाहुणे जेवायला येणार असतील, तर बेत असा ठरवावा की यजमानीणही त्यांच्यासोबत पानावर बसेल. पंगत उठेपर्यंत तिने गॅससमोर उभं राहावं, हे मला मुळीच पटत नाही.

श्रीखंड त्यासाठी उत्तम. दोन लिटर दुधाचं दही आदल्या रात्री फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर निथळत ठेवावं. सकाळी चक्क्यात साखर मिसळली की तो आधी सैल होतो, कारण साखर त्यातलं पाणी ओढून घेते. घाबरून जाऊ नये; फ्रीजमध्ये दोन-तीन तासांत तो पुन्हा आळतो. केशर कोमट दुधात खलून घालावं.

अळूवडीचे उंडेही आदल्या दिवशी वाफवावेत. गरम उंडा कापला तर पदर सुटतात, गारठलेल्याच्या वड्या नेटक्या पडतात. आयत्या वेळी फक्त परतायच्या.

मटकीची उसळ मुरल्यावर अधिकच चांगली लागते.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ मात्र वाढतानाच घालावं, नाहीतर पाणी सुटतं. भातही ताजाच लावावा. शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेला भात पोटाला बाधू शकतो. पुऱ्यांऐवजी घडीच्या पोळ्या केल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही.