पाऊस पळवणारं पॅनेल

सांगलीत विश्रामबागेतल्या टपरीवर सकाळी चहा घेताना हल्ली एकच ऐकतोय : "जतकडं सोलर झालं, पाऊस गेला!" वीसेक वर्षांपूर्वी हाच आरोप पवनचक्क्यांवर होता. ढालगावच्या डोंगरावरची पाती ढग हाकलतात म्हणे. आरोपी बदलला, फिर्याद तीच.

अहो, जतला पाऊस होता कधी? अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस सांगलीत सहाशेच्या आत-बाहेर येतो, जतला त्याहून कमी. १८७६ ला नि १९७२ ला दुष्काळ पडला, तेव्हा कुठलं पॅनेल होतं? पॅनेल तापतं, हे खरं. ॲरिझोनातल्या एका प्रकल्पावर रात्रीची हवा शेजारच्या रानापेक्षा ३ ते ४ अंशांनी उबदार भरली ('सायंटिफिक रिपोर्ट्स', २०१६). पण थोडं लांब गेलं की ती ऊब विरते. आणि अख्खं सहारा पॅनेल-पवनचक्क्यांनी झाकलं तर काय होईल, याचं गणित 'सायन्स'मध्ये २०१८ ला आलं. उत्तर : पाऊस वाढेल! हे सांगितलं की टपरीवर विषय बदलतो.

पॅनेलमधून घातक किरणं निघतात? नाही. पावसाळ्यात वीज बंद? कमी होते, बंद नाही. गच्चीवर सोलर असलं की लाईट जात नाही? जाते. भर दुपारी पंखा थांबला म्हणून आमचे शेजारी चिडले होते. महावितरणची लाईन बंद पडली की तिला जोडलेला इन्व्हर्टरही आपोआप थांबतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनचं काय होईल?

भांडायचंच तर जमिनीवरून भांडा. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि सौर कृषी वाहिनी योजनेचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं. शेतीपंपाला दिवसा वीज मिळणार, रात्री साप-विंचवातून मोटर चालू करायला जाणं टळणार, म्हणून योजना मला हवीच आहे. पण तिच्यासाठी गायरानंही दिली जातात. कागदावर पडीक असलेल्या माळावर कुसळी गवत असतं, लांडगा नि खोकड असतात, आणि पोपटासारख्या नाकाची माडग्याळी मेंढी त्यावरच चरते. ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा ढगांचं राहू दे, तारेच्या कुंपणातून कळपाला वाट कुठून ठेवणार, ते विचारा. पॅनेलखाली मेंढरं चरतात, परदेशात मुद्दाम सोडतात.